स्वतःच्या नावाची ईद

(नेरूळ, नवी मुंबई येथे एप्रिल २०२५ मध्ये झालेल्या ईदमिलन कार्यक्रमातील भाषण)



बहिणींनो आणि भावांनो, तुम्हा सगळ्यांना ईदच्या आणि गुढीपाडव्याच्या शुभेच्छा. दोन्ही सण होऊन थोडे दिवस झाले, पण बाहेर शिरखुर्म्याचं पातेलं अजून गरम आहे, तेव्हा फार उशीर झाला असं मी मानत नाही.

मला विषय दिला आहे 'स्थलांतरितांचे सण आणि मनाचं समाधान'. मी शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. आलिमा नाही, मानसोपचारतज्ज्ञही नाही. त्यामुळे शास्त्र कमी आणि पाहिलेलं जास्त सांगणार आहे. त्यात एक गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. तीही सांगते.

सुरुवात यंदाच्या ईदपासून करते. आमच्या घरी ईद दोन दिवस असते. ३० मार्चला पाडवा होता. शेजारच्या वहिनींची गुढी गॅलरीत उभी होती आणि त्यांनी पाठवलेलं श्रीखंड आमच्या फ्रिजमध्ये होतं, कारण आमचा रोजा होता. त्याच सकाळी कुवैतहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला, "अम्मी, ईद मुबारक." तिकडे चंद्र दिसला होता, इकडे दिसायचा होता. त्याच्या अंगावर नवा कुर्ता, मागे लोखंडी बंकबेड. नमाज पढून आला होता आणि आता झोपणार होता. मी विचारलं, "जेवणार कुठे?" तो म्हणाला, "बघू." आमची ईद दुसऱ्या दिवशी, ३१ मार्चला झाली. तेव्हा त्याची ड्यूटी सुरू होती आणि फोन बंद होता.

त्या 'बघू'ने मला माझ्या अब्बांची आठवण झाली.

आम्ही दापोली तालुक्यातले, खाडीकाठच्या गावातले. अब्बा साठच्या दशकात मुंबईच्या गोदीत कामाला होते. डोंगरीला आमच्या गावच्या जमातीची एक खोली होती. खोली एक आणि माणसं अठरा. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. कोणी दिवसपाळी, कोणी रातपाळी, म्हणून सगळे एकदम कधी झोपत नसत. कोकणातल्या चाकरमान्यांची, हिंदू असोत की मुसलमान, मुंबईतली कहाणी थोड्याफार फरकाने हीच आहे. गणपतीला गावी जाणारा आमच्या शेजारच्या वाडीतला गिरणी कामगार अब्बांचं सामान दादीकडे पोचवायचा. ईदला अब्बा गेले की त्याचं सामान त्याच्या आईकडे जायचं.

पण दर ईदला रजा मिळायची नाही. गावात दादी सांदणं करायची, नारळाच्या दुधातल्या शेवया करायची, आणि एक वाटी बाजूला झाकून ठेवायची. ती वाटी कोणासाठी आहे हे आम्ही मुलं विचारत नसू. संध्याकाळी ती आम्हालाच मिळायची आणि दादी तेव्हा आमच्याकडे बघायची नाही.

मोठी झाल्यावर मी अब्बांना विचारलं, "तुम्ही त्या दिवशी काय करायचात?" ते म्हणाले, खोलीत एक नियम होता. नमाजेनंतर देग चढायची. जेवायला बसण्याआधी खोलीतला सगळ्यात वडीलधारा माणूस दारात उभा राहून विचारायचा, "अजून कोण राहिलं?" मग कोणीतरी आठवून सांगायचं, की पलीकडच्या गल्लीत आपल्या तालुक्यातला एक नवा पोरगा आलाय, त्याचं कोणी नाही. मग एक जण जाऊन त्याला घेऊन यायचा. तो आल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. अब्बा म्हणायचे, "पहिल्या वर्षी तो पोरगा मीच होतो."

हे वाक्य मी ऐकलं होतं. लक्षात ठेवायला मात्र मला पस्तीस वर्षं लागली.

मी १९८९ मध्ये लग्न करून नेरूळला आले. तेव्हा रेल्वे वाशीपर्यंतही आली नव्हती, ती १९९२ मध्ये आली. सगळीकडे खाडी, मिठागरं, अर्धवट इमारती. आपण ज्या जमिनीवर बसलो आहोत ती सिडकोने ९५ गावांकडून घेतली. म्हणजे या शहरात आगरी-कोळी बांधव सोडले तर आपण सगळेच बाहेरचे. आणि त्यांचीही अवस्था पाहा. ते कुठे गेले नाहीत, शहरच त्यांच्या दारात आलं. पूर्वी गावदेवीच्या जत्रेला गाव पुरायचं, आता पालखीला ट्रॅफिकमधून वाट काढावी लागते.

मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला आले आणि साताऱ्याकडचे माथाडी बांधव इथे आले. गावच्या यात्रेला ते आजही जातात म्हणजे जातातच. मल्याळी आले, त्यांचा ओणम आला. उत्तर प्रदेश-बिहारचे आले, त्यांची छठ आता आपल्या तलावांवर होते. मराठवाड्यातून दुष्काळाने उठवलेली माणसं आली, बांधकामावर राबली आणि इमारत उभी राहिली की पुढच्या साइटवर गेली. मुस्लिमांमध्येच पाहिलं तर आम्ही कोकणी, शिवाय मलबारचे, आझमगढ-गोंड्याचे, नांदेड-लातूरकडचे दखनी बोलणारे, मालदा-मुर्शिदाबादचे बंगाली. एका कलम्याचे लोक, पण पाच प्रकारच्या शेवया.

गावात सण आपल्याला करावा लागत नाही, तो आपोआप होतो. पहाटे कोणीतरी उठवतं. विहिरीवर गडबड असते. ईदगाहचा रस्ता कोणी दाखवावा लागत नाही. नमाजेनंतर कबरस्तानात जाऊन आपल्या माणसांसाठी फातिहा पढायची असते. आपलं जिवंत माणूस तिथे, मेलेलं माणूसही तिथेच. शहरात आल्यावर यातलं काहीही आपोआप होत नाही. रजा मागावी लागते, जागा शोधावी लागते, माणसं गोळा करावी लागतात. ज्याला हे जमत नाही त्याला त्या दिवशी इतर दिवसांपेक्षा जास्त एकटं वाटतं. कामाच्या दिवशी माणूस कामात असतो. सणाच्या दिवशी त्याला कळतं की आपली कोणी वाट पाहत नाही.

आपण जुने झालो. आपल्या सोसायट्या झाल्या, ट्रस्ट झाले, मंडळं झाली, ईदमिलनाला हॉल मिळाला. आपलं समाधान आपण उभं केलं, आणि ते कष्टाने केलं. आता माझ्या चुकीकडे येते.

आमच्या इमारतीत एक बाई कामाला यायची. सहा-सात घरांची भांडी आणि लादी. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी. कपाळाला टिकली, नाव एक साधं हिंदू नाव. मी ते नाव सांगणार नाही, आणि तिचं खरं नावही सांगणार नाही. का, ते पुढे कळेल. चार वर्षं आम्ही एका लिफ्टने वर-खाली केलं. दर ईदला मी इमारतीतल्या सगळ्या कामवाल्यांना शिरखुर्म्याचा डबा द्यायचे. तीही घ्यायची, "थँक्यू दीदी" म्हणायची आणि निघायची. मला बरं वाटायचं. मी किती चांगली शेजारीण!

२०२४ च्या रमजानमधली गोष्ट. दुपारची वेळ, लिफ्ट बंद, आणि ती चौथ्या मजल्याच्या जिन्यावर भिंतीला टेकून बसलेली. चेहरा पांढरा पडलेला. मी घरातून पाण्याचा ग्लास आणला. तिने घेतला नाही. मी आग्रह केला तर मान हलवली. आणि मला समजलं. जी बाई वर्षानुवर्षं रोजा धरते तिला दुसरीचा रोजा ओळखायला शब्द लागत नाहीत. मी हळूच विचारलं, "रोजा?" ती घाबरली, बहिणींनो. माझं नाव तिला माहीत होतं, माझ्या दारावरची तख्ती तिने चार वर्षं वाचली होती, तरी ती घाबरली. म्हणाली, "दीदी, कोणाला सांगू नका."

ती मालदा जिल्ह्यातली. नवरा फर्निचरच्या कामाला. मूळ नावाने दोन घरांनी काम नाकारलं, म्हणून तिसऱ्या घरी दुसरं नाव सांगितलं. शिवाय बंगाली बोललं की लोक लगेच बांगलादेशी म्हणतात. आधारकार्ड, मतदार कार्ड, बापाच्या जमिनीच्या कागदाची झेरॉक्स, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी रोज कामावर सोबत आणायची. चार वर्षांत एकाही ईदला तिने सुट्टी मागितली नव्हती. कुठल्या तोंडाने मागणार? तिच्या घरमालकिणींच्या हिशेबी तिला ईदच नव्हती. म्हणजे मी जो डबा तिला दिला तो तिने दुसऱ्याच्या सणाची मिठाई म्हणून घेतला. स्वतःच्या ईदचा शिरखुर्मा!

आता माझी चूक. मी म्हणू शकते की मला माहीत नव्हतं. पण प्रामाणिकपणे सांगते, एकदा मला शंका आली होती. बाजारात मी तिला डोक्यावर पदर घेतलेली, टिकली नसलेली पाहिलं होतं. आणि मी विचारायचं टाळलं. का? कारण विचारलं असतं तर जबाबदारी आली असती. आणि मनात खोल कुठेतरी हेही होतं की ही आपल्यातली नाही, बंगाली आहे. आम्ही कोकणी मुस्लिम स्वतःला जुने, दर्यावर्दी, मराठी बोलणारे म्हणवतो, आणि त्या अभिमानाची एक बाजू अशीही आहे. बाहेरचे आपल्याला परकं म्हणतात तेव्हा आपल्याला लागतं, आणि आपण आत बसून तेच करतो. अब्बांच्या खोलीतला माणूस दारात उभा राहून विचारायचा. मी दार लोटून घेतलं होतं.

त्या दिवशी जिना उतरताना तिने एक प्रश्न विचारला. "दीदी, इथे बायकांना ईदची नमाज पढायला कुठे जागा आहे का?"

मला उत्तर देता आलं नाही. मी इथे पस्तीस वर्षं राहत होते आणि ईदच्या सकाळी घरातल्या पुरुषांना अत्तर लावून पाठवायचं आणि आपण स्वयंपाकघरात जायचं, यापलीकडे मी कधी विचारच केला नव्हता. आपल्याकडे, कोकणात काय आणि उत्तरेत काय, बहुतेक ठिकाणी हीच रीत. पण रीत आणि दीन एक नव्हे. हदीसच्या बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांमध्ये उम्मे अतिय्या या सहाबी स्त्रीची रिवायत आहे. पैगंबरसाहेबांनी दोन्ही ईदांना मुली, पडद्यातल्या स्त्रिया, मासिक पाळी असलेल्या स्त्रियासुद्धा सगळ्यांना बाहेर ईदच्या मेळ्यात यायला सांगितलं. पाळी असलेल्यांनी नमाजेच्या जागेपासून बाजूला राहावं, पण दुआत सामील व्हावं. तेव्हा कोणीतरी विचारलं की एखादीकडे पांघरायला चादर नसेल तर? त्यावर सांगितलं गेलं की तिच्या बहिणीने आपल्या चादरीतली तिला द्यावी.

हे मी अनेकदा वाचलं होतं. पण त्या जिन्यावर मला प्रथमच कळलं की 'चादर नाही' याचा आज काय अर्थ होतो. चादर म्हणजे सुट्टी. चादर म्हणजे बसायला जागा. चादर म्हणजे आपलं नाव सांगायची हिंमत. ज्या बहिणीकडे ती आहे तिने अर्धी द्यायची आहे.

मी घरी बोलले. आमचे हे आधी म्हणाले, "लोक काय म्हणतील?" मग म्हणाले, "सोफा बाल्कनीत ठेवू." मला तेवढं पुरे होतं.

११ एप्रिल २०२४ ला ईद होती. आमच्या पुढच्या खोलीत पाच बायका जमल्या. मालद्याची ती. गोंड्याच्या एका सिक्युरिटी गार्डची बायको. लातूरकडची एक दखनी आजी. मी. आणि कोझिकोडच्या एक मल्याळी शिक्षिका. त्यांच्या माहेरी ईद आदल्या दिवशीच होऊन गेली होती, कारण केरळात त्या वर्षी १० तारखेला झाली. त्या हसत म्हणाल्या, "मी काल रोजा सोडायचा की नाही यावर आईशी फोनवर भांडले."

मल्याळी आणि आम्ही कोकणी शाफई. इतर तिघी हनफी. त्या शिक्षिका सफेच्या मधोमध उभ्या राहून इमामत करणार असं ठरलं. हनफी पद्धतीत स्त्रीने इमामत करणं पसंत करत नाहीत. त्यामुळे लातूरच्या आजी आधी थोड्या बिचकल्या. मग म्हणाल्या, "अल्लाला ठाऊक आहे आपण कशाला जमलोय." नमाज सुरू झाली. शाफई पद्धतीत पहिल्या रकातीत सात जादा तकबिरी असतात आणि दुसरीत पाच. हनफींमध्ये तीन आणि तीन. तिसऱ्या तकबिरीनंतर मागे गडबड. एकीने हात बांधले, एकीने सोडले, आजी पुटपुटल्या, "अजून किती?" मला नमाजेत हसू आवरेना. सलाम फिरवल्यावर सगळ्याच हसल्या.

नंतर दुआ झाली आणि हसू थांबलं. मालद्याची ती खूप रडली. तिने मोठ्याने दुआ मागितली, आणि त्यात तिने स्वतःचं नाव घेतलं, आपल्या आईचं घेतलं. ते नाव या इमारतीत चार वर्षांत कोणी ऐकलं नव्हतं.

जेवताना कोणाच्या शेवया खऱ्या यावर वाद झाला. तो अजून मिटलेला नाही.

इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण पुढचं सांगितलं नाही तर मी तुमच्याशी खोटं बोलेन.

त्या ईदनंतर तिला धीर आला. तिने दोन घरांत आपलं खरं नाव सांगितलं. एका घरातल्या आजी म्हणाल्या, "अगं वेडे, आधी का नाही सांगितलंस? आम्ही तुला दिवाळीचा बोनस देतो, ईदला पण काही दिलं असतं." दुसऱ्या घरी काही बोलले नाहीत. महिना संपल्यावर पैसे हातात ठेवले आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. कारण सांगितलं नाही. मी दिलेल्या धीराची किंमत तिने मोजली. मी माझ्या सोफ्यावर होते, पगार तिचा गेला.

पुढे तिला दुसऱ्या इमारतीत काम मिळालं. तिथे तिने पुन्हा जुनंच नाव सांगितलं.

यंदा ३१ मार्चला आमच्या खोलीत चौदा जणी होत्या. ती आली, पण सकाळची कामं उरकून, अकरा वाजता. नमाज होऊन गेली होती. आम्ही थांबायला हवं होतं. 'अजून कोण राहिलं' हे मी त्या दिवशीही विचारलं नाही, चौदा जणी पाहूनच खूश झाले होते. ती म्हणाली, "चालेल दीदी, दुआ तरी मिळाली." तिने एका कोपऱ्यात दोन रकात शुक्राने पढली. आणि मग मी कुवैतला मुलाला निरोप पाठवला: तुझ्या खोलीत कोणी नवा आलाय का, विचार.

म्हणून मी कोणाला 'बिनधास्त नाव सांगा' असा उपदेश करणार नाही. ज्याचं पोट त्या नावावर आहे त्यालाच तो निर्णय घेऊ द्या. हिंमत करा असं सांगण्याआधी आपण नुकसान वाटून घ्यायला तयार आहोत का, ते बघू.

विषयात 'मनाचं समाधान' असे शब्द आहेत. दोन्ही टोकं मला चुकीची वाटतात. काही लोक म्हणतात, नमाज-रोजा करा, सगळं ठीक होईल. ज्या बाईला पगाराची भीती आहे तिची भीती वजीफ्याने जाणार नाही. ज्या मुलाला महिनोन्‌महिने झोप नाही, जगावंसं वाटत नाही, त्याला ताबीज नको, उपचार हवेत. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, मराठी-हिंदीसह अनेक भाषांमध्ये. हा क्रमांक मशिदीच्या फळ्यावर नमाजेच्या वेळांशेजारी लिहिला तर दीनाला काही कमीपणा येत नाही. दुसरे लोक म्हणतात, सण-बिण म्हणजे वरवरचं, खरा प्रश्न रोजीचा. त्यांना मी ती दुआ ऐकवायला हवी होती. माणसाला वर्षातून एक दिवस तरी आपल्या खऱ्या नावाने, आपल्या माणसांत, आपल्या रबसमोर उभं राहायला मिळणं ही चैन नाही.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगते.

पहिलं, सुट्टी. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ प्रमाणे त्या कायद्याखाली येणाऱ्या आस्थापनेत वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. इथे दुकानं, कारखाने, ऑफिसं असलेले अनेक जण बसले आहेत. तुमच्या त्या चार कोणी ठरवल्या? कामगाराला विचारलं होतं का? आणि घरकामगारांना तर हाही आधार नाही. राज्यात त्यांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, पण सणाची सुट्टी अजून मालकिणीच्या मनावर आहे. मग आपल्या घरापासून सुरू करू. कामवालीला विचारा, 'तुझा मोठा सण कोणता?' धर्म विचारू नका, सण विचारा. आणि त्या दिवशी पगारी सुट्टी द्या. छठ असो, पोंगल असो, नाताळ असो, ईद असो.

दुसरं, जागा. ईदच्या नमाजेला स्त्रियांसाठी वेगळी, स्वच्छ जागा, वुझूची सोय. जानेवारी २०२० मध्ये, पुण्यातल्या एका दांपत्याच्या याचिकेच्या प्रकरणात, ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की स्त्रियांना मशिदीत नमाजेसाठी यायला इस्लाममध्ये मनाई नाही. मग अडतं कुठे? जागा लहान आहे, हे मला मान्य आहे. पण चटई टाकण्याआधीच 'तुमची घरात नमाज अफजल' हे सांगून तोंड बंद करू नका. ज्या बाईचं घर दहा बाय दहाचं आणि त्यात सहा माणसं, तिला घरात कुठे कोपरा आहे?

तिसरं, फितरा. तो ईदच्या नमाजेआधी द्यायचा असतो, त्याचा हेतूच हा की ईदच्या दिवशी कोणाला हात पसरावा लागू नये. आपण तो गावी पाठवतो, मदरशाला पाठवतो. त्याला माझी ना नाही. पण थोडा आपल्या गल्लीतल्या नव्या माणसासाठी ठेवा, आणि वेळेत द्या. ईदच्या रात्री उशिरा दिलेल्या पैशाने सकाळी मुलाला कपडे येत नाहीत.

चौथं, दुसऱ्याच्या सणाला वाट देणं. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले. मुंबईत मुस्लिमांनी आपला जुलूस २९ तारखेला काढला, सरकारनेही सुट्टी २९ ला दिली. त्याच वर्षी २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एका दिवशी होती, तेव्हा पंढरपूरच्या मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं ठरवलं. हिजरी वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे आपले सण ऋतूंमधून फिरत असतात आणि प्रत्येकाच्या सणाला कधी ना कधी भेटतात. अशी भेट पुन्हा पुन्हा होणार. कोणी आपल्याला वाट देईल, कधी आपण देऊ. आणि याच हक्काने आपण सोसायटीच्या सभेत सांगू शकतो की माझ्या घरच्या ईदलाही वाट द्या.

मी सांगितलेल्यात मोठा निधी लागेल असं काही नाही. सोफा बाल्कनीत ठेवावा लागतो, एवढंच.

दोन महिन्यांनी बकरी ईद येईल. या वेळी आम्ही नमाजेची वेळ उशिरा ठेवायचं ठरवलं आहे, म्हणजे सकाळची कामं उरकून येणाऱ्या बायकांना मिळेल. ईदच्या नमाजेची मुदत दुपारच्या जवालपर्यंत असते, तेव्हा अकरा वाजता पढायला अडचण नाही. लातूरच्या आजींनी फक्त एक अट घातली आहे, की तकबिरी किती हे आधी मोजून सांगायचं.

आज घरी जाताना आपल्या इमारतीच्या दारात एक मिनिट थांबा. तिथे गार्ड असेल, इस्त्रीवाला असेल, डिलिव्हरीचा मुलगा असेल, केर नेणारी बाई असेल. अब्बांच्या खोलीतला तो जुना प्रश्न स्वतःला विचारा.

अजून कोण राहिलं?